बिनज्योतीचा दिवा

टेंभुर्णीच्या वेशीत गाडी शिरली तेव्हा पुंजारामचं अंग इतकं आंबलं होतं, की उतरूच नये, बैल नेतील तिकडं जावं, असं त्याला वाटलं. पण बैलांना गोठा होता आणि पुंजारामला नोकरी होती. त्यानं मांडीवरची लोखंडी पेटी आधी खाली ठेवली आणि मग गुडघ्यावर हात टेकत स्वतःला उतरवलं.

जालन्याच्या सरकारी दवाखान्याचा तो धुरीवाला. कुणाच्या घरी क्षयानं, देवीनं किंवा घटसर्पानं माणूस गेलं, की पुंजारामनं जायचं, ती खोली बंद करायची आणि औषधी धुरी देऊन आतला रोग मारायचा. गावोगाव लोक त्याला 'जमादार' म्हणत. जमादार तो कधीच नव्हता, पण बावीस वर्षांत त्यानं कुणाची चूक दुरुस्त केली नाही. आला की लोक पाणी विचारत, आणि काम झालं की त्याच्या सावलीपासूनही लांब राहत. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, आणि हा तर वैद्यसुद्धा नव्हता. वैद्याचा इलाज हरला, की त्याच्या मागून येणारा माणूस होता.

त्या धुरीनं त्याचं नाक खाल्लं होतं. बायको म्हणायची, "सदरा भाईर टाका, डोळे झोंबून राह्यले," तेव्हा तो सदरा हुंगून बघायचा आणि त्याला काही म्हणजे काही कळायचं नाही. आमटी करपली काय आणि दारात मोगरा फुलला काय, त्याला सारखंच. धुरी बरोबर लागली का, हेही तो आता दुसऱ्याच्या नाकानं ठरवायचा. दार उघडायचं, घरच्या माणसाला पुढं करायचं आणि विचारायचं, "वास येतो का?" माणूस खोकत, डोळे चोळत मागं सरलं की काम फत्ते. ही गोष्ट त्यानं दवाखान्यात कुणाला सांगितली नव्हती. बिननाकाचा धुरीवाला कोण ठेवून घेणार?

घर गावाच्या टोकाला होतं. दोन खोल्या, पुढं ओसरी आणि अंगणात कडुनिंब. मच्छिंद्र नावाचा पंचविशीचा शेतकरी दारात उभा होता. त्याची बहीण दुर्गाबाई सहा दिवसांपूर्वी आतल्या खोलीत क्षयानं गेली होती. खोकला लागला तसं सासरच्यांनी तिला सहा महिन्यांच्या पोरीसकट माहेरी आणून टाकलं होतं. नवरा अग्नी द्यायला तेवढा आला आणि त्याच दिवशी परत गेला. पोर इथंच राहिली. नंदा तिचं नाव. जालन्याच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की धुरी दिल्याशिवाय लेकराला त्या खोलीत नेऊ नका. म्हणून शेजारच्या सुगराबीनं तिला आपल्या मुलाबरोबर छातीशी धरलं होतं. पण सुगराबी उद्या माहेरी निघाली होती. तेव्हा आजच खोली साफ व्हायला हवी होती आणि पोर घरी यायला हवी होती.

"बराबर होईल ना, मामा?" मच्छिंद्रनं विचारलं. "एवढीच निशानी राह्यली बघा दुर्गीची."

"होतं," पुंजाराम म्हणाला. बावीस वर्षांपूर्वी तो या प्रश्नाला अर्धा तास उत्तर द्यायचा.

मच्छिंद्रची आई, साळूबाई, आतल्या खोलीत भिंतीशी बसली होती. रडून झाल्यावर बाई जशी कोरडी होते तशी कोरडी. तिच्यासमोर, जिथं दुर्गाबाईनं जीव सोडला त्या जागी, पिठावर मातीचा दिवा तेवत होता आणि त्यावर टोपली कलती ठेवली होती. गेलेल्या माणसाचा दिवा. दहा दिवस तो जाऊ द्यायचा नसतो. तो गेला, तर गेलेलं माणूस नाराज होऊन गेलं, असं मानतात.

पुंजारामनं कपाळाला हात लावला. दर दोन घरांमागं एका घरात हा दिवा असायचा आणि दर वेळी तीच हुज्जत.

"साळूबाई, दिवा ओसरीत न्यावा लागंल. खोली दिवसभर बंद राहील. आतमधी कुणाला येता येनार न्हाई."

"न्हाई दादा. जागा हलवत न्हाईत."

"तेल कोन घालनार मंग?"

"म्या घालीन."

"तुम्हालाच आत येता येनार न्हाई, म्हंतो मी!"

"मंग नका करू धुरी," साळूबाई म्हणाली. शांतपणे म्हणाली, त्यामुळं ते जास्त अवघड झालं.

पुंजारामनं पेटी उघडून आपला दिवा बाहेर काढला. पितळेची बसकी टाकी, मधे वात आणि वातीवर बसवलेली, रुपयापेक्षा थोडी मोठी अशी एक राखाडी चकती. ती चकती दगडी कापसाची होती. तो कापूस जळत नाही. त्या कापसात प्लॅटिनमची पूड मुरवलेली होती. सोन्याहून महाग धातू, पण एवढ्या चकतीत चिमूटभरही नसेल. टाकीत लाकडाचं स्पिरिट घालायचं, वात पेटवायची, चकती लाल होईपर्यंत थांबायचं आणि मग ज्योत विझवायची. हीच त्यातली मेख. ज्योत गेली तरी चकती लालच राहते, तासन् तास. खालून स्पिरिटची वाफ येते, चकतीवर अर्धवट जळते, आणि ते जे अर्धवट जळलेलं असतं तेच रोगाला मारतं. ज्योत राहिली तर स्पिरिट पुरतं जळून जातं, त्याची नुसती हवा आणि पाणी होतं, आणि रोग आपला ऐटीत बसून राहतो. हे सगळं हैदराबादेत शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी त्याला सुरुवातीला समजावलं होतं, आणि पहिली काही वर्षं पुंजारामही घरोघर ते समजावत असे. लोक माना डोलवत आणि भलतंच करत. मग त्यानं सांगणं सोडलं. बोलून बोलून घसा दुखायचा, ते एक वाचलं.

आज तर त्याच्या अंगात हुज्जत घालायचंही त्राण नव्हतं. त्यानं साळूबाईकडं पाहिलं, आपल्या पितळी दिव्याकडं पाहिलं, आणि त्याच्या तोंडून सोपं ते निघून गेलं.

"ह्यो बी दिवाच हाये, साळूबाई. तुमच्या दिव्याच्या जागी ह्यो ठिवू. तुमच्या ज्योतीवरूनच पेटवू. संध्याकाळपतुर जळंल, बिलकुल जानार न्हाई. मंग पुन्हा तुमचा लावा ह्याच्यावरून."

साळूबाईनं त्या पितळी दिव्याकडं बराच वेळ पाहिलं. "जानार न्हाई?"

"न्हाई."

तिनं आपल्या दिव्यावर काडी धरून पुंजारामचा दिवा स्वतःच्या हातानं पेटवला, हात जोडले, आपला मातीचा दिवा पदरानं शांत केला आणि उठून बाहेर गेली. एवढा विश्वास पुंजारामवर त्याच्या घरच्यांनीही कधी टाकला नव्हता.

तिची पाठ वळताच पुंजाराम दिव्याशी उकिडवा बसला. चकती हळूहळू तांबूस आणि मग लाल झाली. त्यानं मागं दाराकडं एकदा बघून घेतलं आणि फुंकर मारली. चकती निखाऱ्यासारखी जिवंत राहिली. दार ओढून त्यानं फटींना जुन्या अखबाराच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या. वर छोटा झरोका होता, त्यालाही कागद लावला. मग कडुनिंबाखाली घोंगडी टाकून तो झोपला.

ऊन कलल्यावर तो उठला. दारावरची एक पट्टी हाताला ओली लागली. चैताचं ऊन, सकाळची खळ, ती अजून ओली कशी? हे त्याच्या ध्यानात आलं आणि आलं तसं गेलं. अंग मोडून आलेल्या माणसाला पट्टी ओली का, हा प्रश्न फार काळ धरून ठेवता येत नाही. त्यानं दार उघडलं आणि साळूबाईला पुढं केलं.

"बघा. वास येतो का?"

साळूबाई उंबऱ्यावर थबकली. पदराचा बोळा तोंडाशी धरला. "येतो," ती घाईनं म्हणाली. "लई येतो."

"मंग झालं. दारं उघडी ठिवा, वारा खेळू द्या. मच्छिंद्र, पोरीला आन जा."

मच्छिंद्र आनंदानं जवळजवळ पळतच गेला. साळूबाई भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला घेऊन ओसरीत उभी राहिली. पुंजाराम दिवा उचलायला आत गेला. चकती थंड होती. टाकी कोरडी ठाक. आणि वात काळीठिक्कर, बुडापर्यंत जळलेली. शेजारी पिठात एक अर्धी जळकी काडी पडली होती.

त्यानं ती काडी उचलली. विझवलेल्या दिव्याची वात जळत नाही. ती पांढरीच राहते, नुसती ओली. म्हणजे कुणीतरी आत येऊन दिवा पुन्हा पेटवला होता. दिवसभर तो छान ज्योतीनं जळत राहिला होता, देवघरात जळतो तसा, आणि खोलीत धुरी म्हणून कणभर झाली नव्हती. दुर्गाबाईचा खोकला भिंतींवर, जमिनीत, कोपऱ्याकोपऱ्यात होता तसाच होता. पुंजारामच्या लक्षात आलं, की आपले डोळे दार उघडल्यापासून एकदाही झोंबले नव्हते. नाक गेलं होतं, पण डोळे अजून होते. त्यानं त्यांना विचारलंच नव्हतं.

तो खाली बसला. पेटीत स्पिरिटची एकच बाटली उरली होती, आणि ती पुढच्या गावच्या, पिंपळगाव रेणुकाईच्या, एका घरासाठी होती. ती इथं ओतायची, तर पुन्हा जालन्याला जायचं, पुन्हा गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, साहेबाला सांगायचं की एका खोलीला दोन बाटल्या लागल्या, आणि का लागल्या तेही सांगायचं. आणि न ओतली तर? तर काहीच नाही. क्षय काही उद्या दारात येऊन उभा राहत नाही. वर्षानं, चार वर्षांनी कधीतरी पोर खोकायला लागेल, लोक म्हणतील आईचं दुखणं लेकीनं घेतलं. धुरीवाल्याची आठवणसुद्धा कुणाला होणार नाही. हे त्यानं अगदी नीट, क्रमानं, पायरी पायरीनं मनात मांडलं. मग त्यानं काळी वात खिशात टाकली, दिवा पेटीत ठेवला आणि पेटीची कडी घातली. त्याला स्वतःची लाज वाटली, पण लाजेपेक्षा थकवा मोठा होता.

ओसरीत पावलं वाजली. मच्छिंद्रच्या हातात नंदा होती, सुगराबीनं तेल लावून, काजळ घालून पाठवलेली. तिनं एक मूठ तोंडात कोंबली होती आणि जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखी ती चोखत होती. साळूबाईनं तिच्यावरून तुकडा ओवाळला आणि डावीकडं टाकला. आता दुसरा उजवीकडं टाकला, की मच्छिंद्र उंबरा ओलांडणार होता.

"थांबा," पुंजाराम म्हणाला.

दोघं त्याच्याकडं बघायला लागले. त्यानं काळी वात खिशातून काढून तळहातावर धरली.

"दिवा पुन्हा कुणी लावला?"

"कुणी न्हाई," साळूबाई म्हणाली. हातातला तुकडा तिच्या बोटांत चुरगळला.

"मी रागावनार न्हाई, साळूबाई. मच्छिंद्र, लेकराला घिऊन अंगनात जा. आत येऊ नको."

साळूबाई होती तिथंच खाली बसली. "विझल्ता तो. तुम्ही म्हनले जानार न्हाई. म्या झरोक्याचा कागद जरा सारला, बघावं म्हनलं, तर ज्योतच न्हाई! लाल ठिपका निस्ता. पट्टी काढून आत गेल्ते, काडी लावली, पुन्हा खळ लावून बंद केलं. मघाशी ती पट्टी सुटली, तव्हा परत चिकटवली. तुम्हाला काय सांगू? आन् वासाचं इचारलं तव्हा म्या हो म्हनले. न्हाई म्हनले असते तर म्या आत का गेल्ते ते तुम्ही इचारलं असतं." ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "जाताना तिनं पानी मागितल्तं, दादा. म्या गाईच्या धारंला बसल्ते. म्हनलं, एवढी चरवी भरू दे, मंग उठते. उठून आले तर... तव्हाच गेल्ती ती. मंग दिवा बी गेला. मला कळलं ना तव्हाच. रुसली माझी दुर्गी. सकाळपासून त्येच चालू हाये माझ्या मनात."

पुंजारामला आयुष्यात फारच थोड्या वेळा इतकं वाईट वाटलं होतं.

"दिवा आपला आपन गेला न्हाई," तो म्हणाला. "मी विझवला. तुम्ही भाईर गेल्यावर, माझ्या फुंकरीनं."

अंगणातून मच्छिंद्र ओरडला, "काय म्हनलात? आमच्या दुर्गीचा दिवा?" आणि पोर कडेवर घेऊनच तो ओसरीवर चढला. साळूबाईनं हात वर करून त्याला तिथंच थांबवलं. ती पुंजारामकडं एकटक बघत होती.

"तुम्ही विझवला?"

"मी."

"म्हंजी ती रुसली न्हाई?"

"न्हाई हो. तिचा काय संबंध?"

साळूबाईनं डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवून एक मोठा श्वास सोडला. मग डोळे उघडून तिनं विचारलं, आणि आता तिच्या आवाजात राग होता, "का विझवला मंग?"

पुंजाराम शब्द शोधत राहिला. इतक्या वर्षांत सांगायची सवय मोडली होती. चकती, स्पिरिट, प्लॅटिनम, यातलं काय सांगावं? शेवटी कोनाड्यात उदाची पुडी दिसली.

"तुम्ही उद घालता ना निखाऱ्यावर? निखारा भडकला, जाळ झाला, तर उद भुर्रकन जळून जातो. घरात वास राहत न्हाई. जाळ विझवून निस्त्या निखाऱ्यावर सोडला की धुपतो, मंग घरभर फिरतो. ह्यो दिवा तसाच हाये. ज्योत असली तर समदं औषध जळून जातं. ज्योत विझली तरच ते धुपतं."

साळूबाईनं कोनाड्यातल्या पुडीकडं पाहिलं.

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

"रोज संध्याकाळी उद घालते म्या. मला कळलं नसतं? सकाळी सांगायला काय झाल्तं तुम्हाला?"

"थकल्तो," तो म्हणाला.

त्यानं पेटी पुन्हा उघडली. पिंपळगाव रेणुकाईची बाटली काढली, नवी वात घातली आणि टाकी काठोकाठ भरली. जालन्याची खेप आता चुकत नव्हती. साहेब बोलतील ते ऐकून घ्यायचं होतं. मच्छिंद्र खळ शिजवायला बसला. आजची रात्र सगळेच अंगणात झोपणार होते, आणि नंदाला उद्या सकाळी सुगराबी निघायच्या आत एकदा अंगावर पाजून आणायचं ठरलं.

दिवा पिठावर, त्याच जागी ठेवला. साळूबाईनं काडी ओढली आणि वात पेटवली. दोघं जण समोरासमोर बसून चकतीकडं बघत राहिले. राखाडी चकतीच्या कडेला आधी तांबूस रेघ आली, मग ती मधोमध सरकली, मग सगळी चकती लाल झाली.

"आता," म्हणून पुंजाराम पुढं वाकला.

साळूबाईनं त्याचं मनगट धरलं. "सरका, दादा. लेक माझी हाये."

तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. ज्या दिव्याला दहा दिवस वाऱ्यापासून जपायचं, त्याच्यापुढं ती वाकली. पहिली फुंकर हवेतच गेली आणि ज्योत नुसती हलली.

"जा बाई," ती ज्योतीला म्हणाली. "तुला पानी द्यायला उशीर झाला. आता तुझ्या पोरीला जागा दे."

दुसऱ्या फुंकरीला ज्योत गेली. चकती लालच राहिली. साळूबाईनं ती लाल राहिलेली स्वतःच्या डोळ्यांनी नीट बघून घेतली आणि मगच उठली.

दार ओढून घेतल्यावर पट्ट्या तिनंच लावल्या, एकेक फट बोटानं चाचपून. खालची शेवटची फट राहिली तेव्हा ती वाकली, नाक तिथं नेलं आणि पटकन मागं झाली. खोकल्याची उबळ आली, डोळ्यांना धारा लागल्या, आणि ती भिंतीला टेकून हमसाहमशी रडायला लागली. सहा दिवसांत ती मच्छिंद्रसमोर अशी रडली नव्हती.

रडणं ओसरल्यावर पुंजारामनं विचारलं, "वास येतो का?"

"न्हाई तर काय. तुम्हाला न्हाई येत?"

पुंजारामनं मान हलवली. "किती वर्सं झाली. नाक मेलंय माझं. दवाखान्यात कुणाला म्हाईत न्हाई."

साळूबाईनं डोळे पुसत त्याच्याकडं पाहिलं, जसं तिनं दाराशी आलेल्या आजारी माणसाकडं पाहिलं असतं तसं. मग तिनं शेवटची पट्टी लावली, पण तिचं एक टोक मोकळं सोडलं आणि तिथंच दाराला पाठ लावून बसली.

पुंजाराम कडुनिंबाखाली घोंगडीवर टेकला. अंगणात मच्छिंद्र पोरीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. दिवेलागणीची वेळ झाली, गाय हंबरली, शेजारून कुणीतरी तिची धार काढायला हाक मारली, पण साळूबाई उठली नाही. थोड्या थोड्या वेळानं ती मान वळवून त्या मोकळ्या टोकाशी नाक न्यायची, खोकायची आणि अंगणाकडं तोंड करून सांगायची.

"येऊन राह्यला, दादा. बराबर येऊन राह्यला."